पाच मात्रांचा शब्द

लिहिताना मी माझ्या नवऱ्याला ‘तो’ म्हणणार आहे. तोंडावर ‘अहो’ म्हणते, पण ती सव्वीस वर्षांची सवय आहे, तिला आता इलाज नाही. कागदावर मात्र ‘ते आले, ते बसले, त्यांनी हझल म्हटली’ असं लिहायला माझा हात तयार नाही. ज्यांना खटकेल त्यांनी पुढं वाचू नये.

तो हास्यकवी आहे. म्हणजे नोकरी नायगावच्या एका कचेरीत, राहणं नांदेडला, आणि शनिवार-रविवार जिथून बोलावणं येईल तिथं जाऊन शाल घेऊन येणं. तरुणपणी तो चळवळीवर लिहायचा. मग लग्न झालं, नोकरी लागली, लिहिणं थंडावलं. पन्नाशी जवळ आली तशी त्याला हझल सापडली आणि माणूस पुन्हा उठून बसला.

हझल म्हणजे गझलच, पण हसवणारी. दोन-दोन ओळींचे शेर. प्रत्येक शेराच्या शेवटी एकच शब्द फिरून फिरून येतो, तो रदीफ. त्याच्या आधी यमकाचा शब्द, तो काफिया. आणि सगळ्या ओळी मात्रांनी सारख्या. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन, जोडाक्षराच्या आधी आलेल्याच्याही दोन. एकही कमी-जास्त चालत नाही. मध्यमवयावर हसायला हा साचा लई सोयीचा आहे, कारण एका शेराला दुसऱ्या शेराशी काही देणंघेणं नसतं. एकात टक्कल, दुसऱ्यात गुडघा, तिसऱ्यात बायको. कशाचीच गोष्ट पूर्ण सांगावी लागत नाही. दोन ओळींत चिमटा काढायचा आणि पुढं निघायचं. चिमटा कुणाला लागला, रक्त आलं का, हे बघायला कवी थांबत नाही.

त्याला यातलं सगळं येतं. बोलायची ढब आहे, माणसं हसवायची हातोटी आहे, आवाज आहे. एकच येत नाही. मात्रा. त्याला कानच नाही. ओळ लंगडत असली तरी त्याला ती चालत असल्यासारखीच वाटते.

कान मला आहे. माझे वडील भीमगीतांच्या गायनपार्टीत ढोलकी वाजवायचे. जयंतीच्या महिन्यात घरात रोज तालीम असायची, आणि गाणाऱ्याची ओळ घसरली की वडील ढोलकी थांबवून नुसते बघायचे. त्या बघण्यानं गाणारा गारठायचा. तिथं बसून बसून माझा कान तयार झाला, आणि पुढं मी मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागले, त्यामुळं मोजणी पक्की झाली. तेव्हा आमच्या घरी अशी पद्धत पडली की तो ओळ करायचा आणि मी मोजायची. मी भाकरी थापत असायची, तो चौकटीत उभा राहून ओळ म्हणायचा, मी पिठाच्या हातानं पेरं मोजायची. ‘एक जास्त आहे.’ ‘कुठं?’ ‘तिसऱ्या शब्दात.’ ‘मग काय करू?’ ‘‘आणि’ काढा, ‘अन्’ घाला.’ तो खूश होऊन निघून जायचा. शाल त्याला मिळायची. मला शाल नको होती, खोटं कशाला बोलू. मला ते मोजणं आवडायचं.

गेल्या साली माझं ऑपरेशन झालं. पिशवी काढली. आमच्याकडं गर्भाशय कुणी म्हणत नाही. डॉक्टरीणबाई पिशवी म्हणतात, सिस्टर पिशवी म्हणते, आया-बहिणी तर पिशवीच म्हणतात. तीन वर्षं अंगावर जात होतं, शाळेत फळ्याकडं वळायची भीती वाटायची, की साडीला मागं काही दिसतंय का. शेवटी लातूरच्या एका दवाखान्यात जाऊन मोकळी झाले. लातूर अशासाठी, की नांदेडात दवाखान्याच्या बाकड्यावर बसलं की दोन ओळखीची माणसं भेटतातच. मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. लाज म्हणा, हट्ट म्हणा. माझ्या पोटातली गोष्ट, ती कुणाला सांगायची ते मी ठरवणार. शाळेत सांगितलं, अपेंडिक्स होतं, जरा बिघडलं होतं. खरं ठाऊक होतं ते तिघांना: नवरा, पुण्यात नोकरी करणारी लेक, आणि किल्लारीला दिलेली माझी थोरली बहीण.

ऑपरेशनच्या आठव्या दिवशी मी पोटाला पट्टा बांधून पलंगावर पडले होते. खोकला आला तरी उशी पोटावर दाबून धरावी लागायची. तो कागद घेऊन आला आणि खुर्ची ओढून बसला.

‘मॅडम, एक नवीन हझल करून राहिलो. रदीफ पिशवी.’

मी त्याच्याकडं बघितलं. तो घाईघाईनं म्हणाला, ‘बाजाराची, बाजाराची. माणूस पन्नाशीचा झाला की त्याच्या हाती घरचे पिशवी देतात ना, ते.’ आणि पहिला शेर म्हणून दाखवला:

पन्नाशीला हाती शोभे नामी पिशवी
बाकी सारे गेले, आली कामी पिशवी

मला हसू आलं. हसलं की टाके ओढायचे, म्हणून मी उशी दाबून हसले. मोजून बघितलं, चोवीस मात्रा, बिनचूक. दुसरा शेर त्याच्यावरच होता:

केस उडाले, चष्मा चढला, ढेरी सुटली
मिरवत फिरतो घेउन ही हंगामी पिशवी

‘हंगामी’ तर फार बरोबर बसला होता. हंगामी कामगार असतो तशी पोटाला लटकलेली ढेरी, आज आहे उद्या नाही म्हणणारी. मी मनापासून वाहवा केली. मग तो म्हणाला, ‘शेवटच्या शेरात एक ओळ अडली बघ. सुरुवातीचं सोड, तिथं लाला लाला धर. लाला लाला आता केवळ अमुक पिशवी. अमुकच्या जागी आमीनं संपणारा शब्द पाहिजे.’

‘अर्थ काय पाहिजे?’

‘जिच्यात आता काहीच न्हाई अशी. बाजारातून परत आली, भाजी न्हाई, काई न्हाई.’

‘रिकामी,’ मी म्हटलं. असा काय अवघड होता? ‘पण मग ‘केवळ’ चालणार नाही. रिकामी पाच मात्रांचा आहे. पाचाच्या आधी तीनाचा शब्द लागतो, म्हणजे आठ भरतात. केवळ चाराचा. तिथं ‘फक्त’ घाला.’

‘फक्त रिकामी पिशवी,’ तो म्हणाला. दोनदा म्हणाला. ‘व्वा मॅडम. काय गच्च बसला.’

मला बरं वाटलं. आठ दिवस मी नुसती पडून होते, पाणीसुद्धा दुसऱ्यानं द्यायचं. माझं डोकं अजून चालतं, माझा काही उपयोग आहे, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. हे आठवलं की मला माझाच संताप येतो.

दीड महिन्यानं मी शाळेत रुजू झाले. त्याच्या आदल्या आठवड्यात कंधारला एका महाविद्यालयात हझलेचा कार्यक्रम झाला होता. मला प्रवास नको म्हणून मी गेले नव्हते. सोमवारी मधल्या सुट्टीत भूगोलाच्या बाईंनी आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. खाली हसून हसून डोळ्यांतून पाणी येणारे सहा चेहरे आणि ‘मॅडम, सर लई भारी!!’ मी शिक्षकखोलीतच उघडला.

हझलेच्या मैफलीत एक रीत असते. कवी ओळ म्हणत म्हणत काफियापर्यंत येतो आणि थांबतो, रदीफ लोकांनी म्हणायचा. कंधारचे लोक उत्साही. प्रत्येक शेराला अख्खं सभागृह ‘पिशवी!’ म्हणून ओरडत होतं. मग शेवटचा शेर आला. तो आधी खोकला, गालात हसला, खांद्यावरचा पंचा सारखा केला.

डॉक्टर बोले, काढुन टाका, कुचकामी ही
घरची राणी आता फक्त रिकामी…

‘पिशवी!’ सभागृह कोसळलं. कुणीतरी शिट्टी मारली. ‘पुन्हा, पुन्हा!’ आणि त्यानं पुन्हा म्हटलं. तीनदा म्हटलं.

लाला लालाच्या जागी घरची राणी होती. आणि ‘फक्त रिकामी’ हे दोन शब्द माझे होते. माझ्या पोटावर टाके असताना माझ्याकडूनच शब्द काढून घेऊन त्यानं ते मलाच चिकटवले. ‘केवळ’ निदान त्याचा होता. ‘फक्त’ मी दिला, आणि ‘फक्त’मध्ये जे हिणवणं आहे ते ‘केवळ’मध्ये नाही, ही माझी कारागिरी.

मोबाइल पालथा ठेवला. भूगोलाच्या बाई म्हणाल्या, ‘मॅडम, अपेंडिक्सच होतं ना हो?’ त्यांनी सहज विचारलं की खोचून, मला आजही सांगता येणार नाही. मी ‘हो’ म्हटलं आणि तासाला गेले. आठवीच्या वर्गात त्रिकोणाच्या कोनांची बेरीज मी एकशे साठ लिहिली. पहिल्या बाकावरच्या पोरीनं हात वर केला तेव्हा तिच्यावर ओरडले. तिचा काय दोष होता?

संध्याकाळी बहिणीचा फोन. किल्लारीपर्यंत पोचलं होतं.

‘अगं बाई, तूच सांगितलंस का त्याला म्हणायला?’

‘मी कशाला सांगू?’

‘मग त्यानं कसं काय म्हटलं? हितं जावेच्या पोरानं मोबाइल दाखिवला, समदे हसायलेत. मी म्हटलं बाजाराची असंल. जाऊ म्हणती, डॉक्टर बाजाराची पिशवी कशाला काढंल? मला तोंड उघडता येईना बघ.’

तो घरी आला तेव्हा मी चहा केला नाही. जोडे काढायच्या आत विचारलं.

‘कंधारला कोणता शेर म्हटला तुम्ही?’

त्याला कळलं. ‘अगं, शेर हाय तो. शेरातली बायको म्हणजे तू न्हाईस.’

‘मग कोण?’

‘सर्वसाधारण बायको.’

‘बरं. त्या सर्वसाधारण बायकोचं ऑपरेशन कुठल्या दवाखान्यात झालं?’

तो हसला. खरंच हसला, त्याला वाटलं मी विनोद केला. ‘हे बघ, चिडू नको. बायकाच जास्त हसल्या तिथं. त्यांना आपलं वाटलं. मध्यमवय म्हणजे हेच असतंय ना? हसून घालवायचं.’

‘कोणाचं हसून घालवायचं? तुमचं एक काढा की. केस गेले हे अख्ख्या नांदेडला दिसतं. ढेरी दिसते. जे दिसतं तेच तुम्ही लिहिलं स्वतःवर. मूळव्याधीवर एक तरी शेर आहे का? तीन महिने टबात गरम पाणी घालून देत होते मी.’

‘मूळव्याध वृत्तात बसत न्हाई,’ तो म्हणाला.

‘बसता तर तुम्हालाही येत नव्हतं,’ मी म्हटलं. ‘ते चाललं असतं की लोकांना. माझ्यापेक्षा जास्त हसले असते.’

तेव्हा त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, ‘असं काई चारचौघांत सांगतात का?’

ऐका. असं काही चारचौघांत सांगतात का. मला इतका राग आला की मी ओट्यावरचं पातेलं उचलून जोरानं आपटलं. त्याला पोचा आला, तो अजून आहे. ‘निदान मला विचारायचं तरी!’ मी ओरडले. आयुष्यात इतक्या जोरानं मी त्याच्यावर ओरडले नव्हते. ‘माझ्याकडून शब्द घेतला तेव्हा तरी सांगायचं, की बाई, हा तुझ्यावरच आहे! मी दिला नसता!’

‘म्हणून तर न्हाई सांगितलं,’ तो म्हणाला.

हे त्यानं वाईट बुद्धीनं म्हटलं नाही. सरळ, खरं होतं तेच म्हटलं. त्यामुळं ते जास्त लागलं. तीन दिवस मी बोलले नाही. चौथ्या दिवशी तोच आला. पुढच्या महिन्यात लातूरला मोठा कार्यक्रम होता. अध्यक्षस्थानी लातूरचे एक म्हातारे उस्ताद होते, उर्दूचे निवृत्त शिक्षक, ज्यांनी मान डोलावली की कवीला पुढची दहा बोलावणी येतात. आणि ज्यांना लंगडी ओळ सहन होत नाही.

‘लातूरला तो शेर म्हणणार न्हाई,’ तो म्हणाला. ‘शब्द देतो. त्याच्या जागी दुसरा करतो. मग तर झालं?’

माझी बहीणही त्या कार्यक्रमाला यायची होती, तिच्या जावेला घेऊन. जाऊ म्हणाली होती, बघू तरी तो काय म्हणतो. आता माझ्यापुरता प्रश्न एवढाच उरला होता: तिच्यासमोर तो शेर येतो की नाही. न आला तर जाऊ म्हणेल, व्हिडिओत काहीतरी चुकीचं ऐकलं असेल. आला तर मग झाकायला काही उरत नाही. मी म्हटलं, ‘शब्द दिलाय, लक्षात ठेवा.’

आठवड्यानं त्यानं नवा शेर आणला. चौकटीत उभं राहून म्हणाला, मी भाकरी थापत होते, सगळं पहिल्यासारखं.

गुडघे म्हणती बसा जरासे, जिना नको हा
औषध-गोळ्या भरुनी देते सलामी पिशवी

पहिली ओळ चोवीस. दुसरी पंचवीस. तीच चूक. सलामी पाच मात्रांचा आणि त्याच्या आधी चाराचा ‘देते’. पाचाच्या आधी तीन लागतात हे मी त्याला टाके असताना समजावलं होतं. ‘देते’चं ‘देइ’ केलं असतं की काम झालं असतं. ‘देइ सलामी पिशवी.’ एका अक्षराची गोष्ट.

‘कसं हाय?’ त्यानं विचारलं.

भाकरी तव्यावर टाकली. पाणी फिरवलं.

‘बरोबर आहे,’ मी म्हटलं.

हे मी जाणूनबुजून केलं. विसरले नव्हते, रागाच्या भरातही नव्हते. शांतपणे, भाकरी फुगेपर्यंत विचार करून केलं. आणि पुढचे दिवस मला त्याची टोचणीही लागली नाही.

लातूरचा कार्यक्रम रविवारी सकाळी अकराला होता. सभागृह भरलेलं, चारशेच्या वर माणूस. मी तिसऱ्या रांगेत, माझ्या एका बाजूला बहीण, तिच्या पलीकडं जाऊ, डोक्यावरून पदर घेऊन, डोळे स्टेजवर लावून. त्याचा नंबर पाचवा होता. त्यानं नवीन जाकीट घातलं होतं. पहिला शेर झाला, लोकांनी ‘पिशवी’ म्हटलं. ढेरीचा शेर झाला, लोक उठून उठून हसले. उस्तादांनी मान डोलावली. मग गुडघ्याचा.

दुसऱ्या ओळीत ‘देते’वर आला आणि जीभ अडखळली. कान नसला तरी जिभेला खड्डा लागतोच. लोकांनी ‘पिशवी’ म्हटलं, पण कुणी आधी, कुणी नंतर, एकमेकांत मिसळलं नाही. उस्तादांनी हात वर केला.

‘मिसरा गिर गया, जनाब,’ ते म्हणाले, अगदी मऊ आवाजात. ‘ओळ पडली. पुन्हा म्हणा बरं.’

त्यानं पुन्हा म्हटली. पुन्हा पडली. मागून कुणीतरी हसलं, आणि ते हसू शेरावरचं नव्हतं. उस्तादांनी बोटांवर मोजलं आणि एक बोट उभं धरून त्याला दाखवलं. एक जास्त. त्यानं तिसऱ्या रांगेत माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं पाहत होते. माझे वडील ढोलकी थांबवून बघायचे तसं.

मला काय वाटलं होतं? की तो माफी मागेल, खाली बसेल, आणि तेवढ्यावर मिटेल. मला कशाला वाटलं असावं तसं! तो काही खाली बसणारा माणूस नाही. त्याचं कपाळ घामानं भिजलं होतं, आणि त्याच्याजवळ एकच शेर असा होता जो कधीच पडला नव्हता.

‘बरं, हा ऐका,’ तो म्हणाला.

मला माहीत होतं. बहिणीनं माझं मनगट धरलं.

डॉक्टर बोले, काढुन टाका, कुचकामी ही…

त्यानं माझ्याकडं परत पाहिलं नाही. दुसरी ओळ त्यानं छताकडं बघून म्हटली, आणि ‘रिकामी’वर थांबला. चारशे माणसांनी ‘पिशवी’ म्हटलं, एका सुरात, एका मात्रेचाही फरक न पडता. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. व्हिडिओ पाहिलेली माणसं तर आधीपासूनच ओळ म्हणत होती. बहिणीची जाऊ हसली नाही. तिनं मान वळवून माझ्या पोटाकडं पाहिलं, सरळ पोटाकडं, आणि मग समोर बघायला लागली. झालं. झाकायचं होतं ते संपलं.

उस्ताद म्हणाले, ‘वा! आता कसं! आणि काय सांगू तुम्हाला, दुसरा कुणी असता तर ‘केवळ’ म्हणाला असता. ‘फक्त’! हा कान लागतो, हा कान!’

आणि त्यानं छातीवर हात ठेवून वाकून ती दाद घेतली.

जेवायला आम्ही थांबलो नाही. बहीण तिच्या जीपकडं गेली, जाताना माझ्या खांद्यावरून हात फिरवला. मी आणि तो नांदेडच्या एसटीत बसलो. अहमदपूर येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. शाल मांडीवर होती. मला वाटलं, शब्द मोडला म्हणून गप्प आहे. मी मनात जुळवून ठेवलं होतं, तो माफी मागेल तेव्हा मीही ‘बरोबर आहे’ म्हटल्याचं कबूल करीन. मी खोटं बोलले होते, ते मला नाकारायचं नव्हतं.

अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली. माणसं उतरली, चढली. तो माझ्याकडं वळला. डोळे लाल झाले होते.

‘तुला ठाऊक होतं,’ तो म्हणाला. ‘एक मात्रा जास्त हाय, हे तुला ठाऊक होतं. तू मोजून ‘बरोबर’ म्हटलंस.’

‘हाव,’ मी म्हटलं. ‘ठाऊक होतं.’

‘कामून केलंस असं?’ त्याचा आवाज फुटला. पुढच्या बाकावरच्या माणसानं वळून पाहिलं. ‘तुझ्यावर भरवसा ठेवून ओळ दिली तुझ्या हातात. आपल्या घरातली गोष्ट ती, तू अन् मी, अन् तू ती चारशे माणसांत उघडी पाडलीस. लोक हसले माझ्यावर. आता कुठं तोंड दाखवू? निदान मला आधी सांगायचं तरी!’

 गाडी सुरू झाली.

‘पुन्हा म्हणा,’ मी म्हटलं.

‘काय?’

‘आत्ता जे म्हटलं ते. पहिल्यापासून. हळू म्हणा.’

त्याला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा म्हटलं. तुझ्यावर भरवसा ठेवला. आपल्या घरातली गोष्ट. चारशे माणसांत उघडी पाडलीस. लोक हसले. निदान मला आधी सांगायचं तरी. सगळं म्हटलं, एक शब्द गाळला नाही, शेवटी तर रडला. आणि माझ्या तोंडाकडं बघत बसला, मी काय उत्तर देते म्हणून.